तळताई आणि मामांचे वॉशर

रेसगाडीच्या पोटाखालचा तळ कसा असावा हे ठरवणारी इंजिनिअर निम्मा दिवस गाडीखालीच सापडायची, म्हणून सगळं वर्कशॉप तिला तळताई म्हणायचं. आज तिच्या नव्या तळाची शेवटची चाचणी होती. तो जमला नाही तर मालक जुनाच बसवणार होते आणि तिची तीन वर्षं पाण्यात जाणार होती.

पहिल्या फेऱ्या मारून आलेला ड्रायव्हर हेल्मेट काढत म्हणाला, "ताई, वळणावर गाडी तरंगतेय. रस्ता धरतच नाही."

मालकांनी घड्याळ पाहिलं. तळताईने गाडीखाली मोजपट्टी सरकवली. तळ जमिनीपासून तीस मिलिमीटरवर हवा होता, तो चाळीसवर निघाला. मुख्य मेकॅनिक म्हणजे तिचे सख्खे मामा. ती त्यांच्याकडे वळली.

"मामा, पुन्हा स्प्रिंगांखाली वॉशरच्या चकत्या घालून गाडी उचललीत?"

"घासत होतं गं खाली. एवढा गुळगुळीत केलेला तळ, मला बघवेना."

"किती वेळा डोकेफोड करू? फट अरुंद असली तरच खालची हवा जोरात पळते आणि गाडी रस्त्याकडे ओढली जाते."

"कळतं गं मला."

"मग काढा ते."

मामांनी तोंड पाडून वॉशर काढले. या खेपेला गाडी वळणावर रस्त्याला चिकटून गेली. मालक म्हणाले, "राहू दे हाच."

तळताईने सुस्कारा सोडून मागे पाहिलं, तर मामा परतलेल्या गाडीखाली वाकून हळहळत ओरखड्यांवर बोट फिरवत होते. तिने त्यांच्यापुढे हात पसरला.

"मामा, वॉशरचा डबा द्या इकडे. खिशातलेसुद्धा."