पट्टदकलच्या दोन राण्या आणि आपले चौगुले सर

हायस्कूलमध्ये भूगोल शिकवून निवृत्त झालेले चौगुले सर दर हिवाळ्यात कोल्हापुरातून कर्नाटकाची सहल नेतात, हे मी ऐकून होतो. शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीतून सुट्टी काढून एकदा जागा विचारायला गेलो. सर म्हणाले, "पावणं, खिडकी मिळंल. पण एक ठिकाण तुमाला सांगायला लागंल की!"

सरांच्या सहलीत गाइड नसतो. निघण्याआधी प्रत्येकाला एक ठिकाण वाटून दिलेले असते. बदामीचा तांबडा खडक आम्हाला गडमुडशिंगीच्या एका आक्कांनी समजावला, तोही शेतातल्या बांधाचा दाखला देऊन. सर मागे उभे राहून ऐकत होते.

माझ्या वाट्याला पट्टदकल आले होते. मलप्रभेच्या काठी चालुक्यांच्या दोन राण्यांनी शेजारी शेजारी उभारलेली ती देवळे. बदामीहून बस निघाली आणि सरांनी सांगितले, थोरलीचे मल्लिकार्जुन, धाकटीचे विरूपाक्ष. मी वाचून आलो होतो ते नेमके उलटे! माझी पाचावर धारण बसली. चाळीस माणसांत सरांची चूक काढायची कशी? आणि गप्प बसलो तर माझ्याच तोंडून खोटे जाणार.

विरूपाक्षाच्या पायरीवर उभा राहून मी म्हणालो, "हे थोरलीचं." सगळे सरांकडे बघू लागले. सरांनी पिशवीतून पुस्तक काढले, पान शोधले, वाचले.

"व्हय की! इतकी वर्सं मीच राण्यांची घरं बदलत आलोय. घाबरू नगंस, पुढं सांग." आणि ते पायरीवर बसून माझे बोलणे ऐकू लागले. त्या क्षणी मी त्यांचा शिष्य झालो.

परतल्यावर त्यांनी आधीच्या सगळ्या प्रवाशांना स्वहस्ते पोस्टकार्डे पाठवली. 'माझी चूक झाली, दुरुस्त करून घ्यावे,' एवढाच मजकूर. महिनाभर ते काम चालले होते. स्वतःची चूक घरोघर पोचवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आज सरांना पंचाहत्तर पूर्ण होत आहेत. गुडघे कुरकुरतात, म्हणून यंदाची सहल त्यांनी माझ्यावर सोपवली आणि आपण घरी राहतो म्हणाले. मला ते मान्य नाही. सर, आपणांस उदंड आयुष्य आणि धडके गुडघे लाभोत. आपण बसमध्ये चलाच. मी चुकणार आहे, आणि भर चाळीस माणसांत मला टोकायला आपणच हवेत.