टायरची आतली कड

महायुद्ध चालू होतं आणि माझी पोस्टिंग नगरला, गाड्यांच्या कंपनीत होती. मी पारनेरकडचा, घर जवळच. लोक म्हणायचे, नशीब काढलंस. कसलं नशीब! शेजारच्या खाटेवर सखाराम होता.

सखाराम आमच्याच नगर जिल्ह्यातल्या अकोल्याकडचा. आमची भरती एकाच दिवशीची. दोघेही ड्रायव्हर. कंपनीत साहेबांसाठी एक नवी स्टाफ गाडी आली. उंच, दांडगी, चारही चाकांना जोर असलेली. आज तुम्ही जिला एसयूव्ही म्हणता, तिची आजीच समजा. ती मलाच मिळणार असं मी धरून चाललो होतो. मिळाली सखारामला, वर लान्स नाईकची फीत. मला जुना ट्रक. मी जळलो. तो गाडी पुसायला लागला की मला घास गोड लागत नसे. साऱ्या कंपनीला हे माहीत होतं, कारण मला तोंड आवरता येत नाही.

रोज सकाळी परेड, मग तेल, पाणी, हवा. साहेबांचा डोळा टायरवर. रबर मिळेनासं झालं होतं. टायर वेळेआधी झिजला की ड्रायव्हर शिक्षेसाठी पेशीला उभा. म्हणून तपासणीआधी आम्ही टायर बाहेरून घासून काळेभोर करायचो. साहेब उभ्या उभ्या बघायचे. आतली कड बघायची तर जमिनीवर आडवं व्हावं लागतं.

खंडेनवमीला दुपारी मी त्याच्या गाडीखाली शिरलो. कशाला? खोट काढायला, दुसरं काय! आणि सापडली. पुढच्या टायरांची बाहेरची नक्षी नव्यासारखी, आतली कड गुळगुळीत. डाव्याचं तर रबराखालचं कॅनव्हास दिसत होतं. तळवा एकीकडून फिरवला तर मऊ, उलटा फिरवला तर करवतीसारखा बोचला. वर बघितलं. दोन चाकांना मागून जोडणारा ट्रॅक रॉड मधोमध वाकलेला. त्यामुळे चाकं पुढून फाकली होती. ती नुसती फिरत नव्हती, रस्त्याला घासत होती.

“सख्या, संगमनेरला नदीत उतरताना दगडावर घातलीस ना?”

“कुनी सांगितलं?”

“रॉड सांगतोय. अलाइनमेंट गेलंय पार.”

“टायरच खराब निघाला. म्हनून तर डावीकडं स्टेपनी टाकली.”

“मंजी ही स्टेपनी? तीबी खाल्ली? अरे, दोष टायरचा न्हाई!”

तो मग हळूच म्हणाला, “उद्या साहेबांना भंडारदऱ्याला न्यायचंय. घाटाच्या पायथ्याला माझं गाव हाय. दसऱ्याचं ओवाळायला आई रस्त्यावर येनार हाय. गाडी वर्कशॉपला लागली की साहेबांना तू नेशील. तेच पायजे ना तुला?”

“व्हय, तेच पायजे!” मी बोलून गेलो.

तरी मी हवालदार मेकॅनिककडे गेलो. तासाभराचं काम. रॉड सरळ करायचा, चाकांचं फाकणं काढायचं, म्हणजे टो-इन लावायचं, चाकं बदलायची. पण जॅक, पाने, हातोडे सगळे धुऊन चादरीवर मांडलेले, वर हळदकुंकू आणि झेंडू. पूजेला बसलेल्या हत्याराला दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत हात लावायचा नाही, ही कंपनीची रीत. आणि चाक काढायलाही पाना लागतोच.

“आज पाना उचलायचा न्हाई.”

“हवालदारसाब, कॅनव्हास दिसतंय.”

“तुझ्या पोटात दुखतंय, दुसरं काय! उद्या गाडी आली की बघू.”

बसलेले सगळे हसले. शिपायाने हवालदाराला ओलांडून साहेबांकडे जायची सोय नव्हती. संतापाने मी पूजेचा प्रसादही घेतला नाही.

दसऱ्याला उजाडताना, उत्तरपूजेच्या आधीच, आम्ही निघालो. पुढे सखाराम, साहेब आणि दोन जवान. मागे माझा ट्रक, शेजारी वायरलेसवाला. सखारामच्या गावाशी साहेबांनी गाडी थांबवायला परवानगी दिली. म्हाताऱ्या आईने त्याला ओवाळलं, मग बॉनेटला कुंकू लावलं. गाव जमलं होतं. मी मागे धूळ खात बसलो होतो. माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही.

घाट लागला. डावीकडे दरी, उजवीकडे डोंगर. जळक्या रबराचा वास आला. पुढचं डावं चाक थरथरत होतं. मी हॉर्न दिला. दिला आणि देतच राहिलो. सखारामने खिडकीतून हात काढून हलवला, मागं राहा म्हणून. त्याला वाटलं, मी ओव्हरटेक करतोय. त्याने वेग वाढवला.

टायर फुटला. गाडी दरीकडे ओढली गेली. त्याने स्टिअरिंग पुरतं उजवीकडे वळवलं आणि आपली बाजू खडकावर घातली.

वायरलेसवाल्याने कळवलं, “ॲक्सिडेंट. एक कॅज्युअल्टी. ॲम्ब्युलन्स पाठवा. ओव्हर.”

“सिरीयस आहे का? ओव्हर.”

वायरलेसवाल्याने माझ्याकडे बघितलं. संपलं, अशी मी मान हलवली. साहेबांना आणि जवानांना खरचटलंही नव्हतं. सखाराम स्टिअरिंगवरच गेला होता. मी त्याच्यावर ओरडत होतो, “थांबला का न्हाईस, गाढवा!” साहेबांनी मला धरून बाजूला केलं.

गाडी दुरुस्त होऊन आली ती मला मिळाली. हवालदाराने किल्ली हातात ठेवली. पुढच्या खंडेनवमीला त्याने आधी साऱ्या गाड्यांखाली आडवं होऊन बघितलं, मग हत्यारं पूजेला बसवली. माझे टायर कडेपासून कडेपर्यंत सारखे झिजत. पेशी कधी झाली नाही. तरी कंपनीत कुणी तिला माझी गाडी म्हटलं नाही. हुकूम यायचा तो असाच: “सखारामची गाडी काढ.”

त्या गावावरून गेलो की म्हातारी रस्त्यावर यायची. मी गाडी थांबवायचो. ती बॉनेटवरून हात फिरवायची, मग पुढच्या डाव्या टायरवरून. कुठला टायर फुटला ते कुणीतरी तिला सांगितलं असावं. माझ्याकडे ती एकदाही बघायची नाही.

मला त्या हाताचाही हेवा वाटायचा. एवढी वर्षं झाली, सखाराम, अजून वाटतो.