निगुरीची भाकर

मनकर्णाच्या एकवीस भाकरी सप्त्याच्या मंडपातून परत आल्या, तेव्हा अजून गरम होत्या.

पाटोद्याच्या अलीकडं, डोंगराच्या कडेला हे गाव. इथं दरवर्षी सप्ता बसतो आणि पंगतीच्या भाकरी घराघरातून जातात. मेंढरं राखणाऱ्या मनकर्णाच्या घरच्याही सव्वीस वर्षं जात होत्या. नवरा हरिबा गेला त्या सालीसुद्धा चुकल्या नाहीत. म्हातारीला गावाकडून दुसरं काही नको होतं. वर्षातून एकदा आपली भाकर पंगतीत मोडली जावी, एवढीच हौस. यंदा मात्र कुणी मोठे महाराज आले आणि त्यांनी पहिल्याच दिवशी फर्मान काढलं. ज्यानं गुरू केला नाही, कान फुंकून मंत्र घेतला नाही, तो निगुरा. निगुऱ्याच्या हातचं अन्न पंगतीला चालणार नाही. झालं! गावच्या साऱ्या म्हाताऱ्या मंत्राच्या रांगेत उभ्या राहिल्या. मनकर्णा काही उभी राहिली नाही.

"कावून गं मावशे? सगळ्या घ्यायल्यात, तुलाच काय धाड भरली?" सप्त्याचे पुढारी विठ्ठलराव तिची दुरडी परत देताना म्हणाले.

"मला गरज न्हाई, इठ्ठलराव."

"मेल्यावर गती मिळायची न्हाई तुला."

"आन जित्तेपणीच मिळाली असली तर?"

मंडपातली माणसं खो खो हसली. ते हसणं तिच्या जिव्हारी लागलं, खोटं कशाला सांगू.

पण तिनं थाप मारली नव्हती. हरिबाच्या तेराव्यानंतरची गोष्ट. भर दुपारी माळावर मेंढरं एकमेकींच्या पोटाखाली डोकी खुपसून, कोंडाळं करून उभी होती आणि मनकर्णा बोरीच्या सावलीला बसून रडत होती. रडता रडता तिच्या मनात आलं, हे रडायलंय ते कोण? आन रडताना बघायलंय ते कोण? त्या बघणाऱ्याला ती शोधायला लागली. सापडेना. शोधता शोधता रडणं कधी थांबलं कळलंच नाही, आणि आत असं काही निवांत झालं की सावली सरकून ऊन पायावर आलं तरी ती हलली नाही. तेव्हापासून रोज दुपारी मेंढरं थांबली की मनकर्णा बसते. कधी ते गवसतं, कधी मेलं मन नुसतं गावभर हिंडून येतं. पण भीती गेली. मरणाची गेली, आणि विठ्ठलरावाची तर कधीच गेली.

दुरडी डोक्यावर घेऊन ती तरातरा माळावर आली. "घाला तुमची पंगत चुलीत!" ती मेंढरांवर ओरडली, कारण दुसरं कुणी नव्हतं. डोळ्यांत पाणी मात्र आलंच.

तेवढ्यात पाण्याच्या टाकीवरचा कर्णा खरखरला. माइकवाल्या अंगदनं कीर्तन संपल्यावर मंडपातले स्पीकर बंद केले होते, पण माळाकडं तोंड केलेला हा कर्णा तो विसरला, आणि महाराजांच्या गळ्यातला माइक चालूच राहिला. खाली भजन सुरू झालं होतं, टाळ-मृदंगाच्या गजरात कुणाला पत्ता नाही. इथं मात्र शब्द न् शब्द ऐकू येत होता. महाराजांनी एका बाईच्या कानात मंत्र सांगितला आणि म्हणाले, "हा फक्त तुझ्यासाठी निवडलाय, माय. कुणाला सांगू नको." मग दुसरी बाई. तोच मंत्र. "फक्त तुझ्यासाठी निवडलाय, माय." तिसरी. चौथी. अगं बाई बाई! मनकर्णा पोट धरून हसली.

तासाभरात विठ्ठलराव धापा टाकत वर आले. अंगदची चूक त्यांना उशिरा कळली होती.

"मावशे, काई ऐकलंस का?"

"सगळं ऐकलं."

त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "मग झालंच की! मंत्र कानात पडला म्हणजे तुला गुरू मिळाला. तुझ्या भाकरी पहिल्या पंगतीला वाढतो. फकस्त ऐकलेलं कुठं बोलू नको."

दुरडी समोरच होती. नुसतं हो म्हणायचा अवकाश होता, आणि तिचा जीव त्या भाकरीत अडकलेला होता.

"बोलणार न्हाई," मनकर्णा म्हणाली. "त्या बाया लई खूश हायती, त्यांच्या तोंडचा घास मी कावून काढू? पण मला गुरू मिळाला, असं मी म्हणायची न्हाई. न्यायची तर निगुरीची भाकर म्हणून न्या. मंडपात तसं सांगून वाढा. न्हाईतर चालू लागा!"

"लई माजलीस, मावशे," म्हणत विठ्ठलराव रिकाम्या हातानं उतरले.

उन्हं कलल्यावर त्यांची आई, सुंदरबाई, काठी टेकत आली. "मनकर्णे, मला मंत्र मिळाला गं! फक्त माझ्यासाठी निवडलाय म्हणले."

मनकर्णाची जीभ वळवळली. तिनं ती दाताखाली धरली. "चांगलं झालं, आक्का."

"कशाचं चांगलं? मघापासून जपायले, पण मन आपलं गोठ्यात. म्हैस व्यायला झालीय." सुंदरबाई बोरीखाली टेकली. "लेक म्हणतो तू येडी झालीस. मला तुझं तोंड येडीचं दिसत न्हाई. बसू दे मला तुझ्याजवळ."

दोघी बसल्या. दोघींनी डोळे मिटले. बऱ्याच वेळानं सुंदरबाईनं डोळे उघडले. "भूक लागली. दे एक भाकर."

"आक्का, निगुरीची हाय. सप्त्यानं परत केलेली."

"ठाऊक हाय. माझ्याच लेकानं केली ना परत? दे म्हणते ना!"

मनकर्णानं फडकं सारलं, बुक्कीनं कांदा फोडला. सुंदरबाईनं भाकर मोडली आणि अर्धी तिच्यापुढं धरली. दोघींचीच का होईना, पंगत बसली, आणि मनकर्णा निगुरी ती निगुरीच राहिली.