उकिरड्याखालचा व्हॉल्व्ह

तिसरा पेशंट आला तेव्हा मी दवाखान्यातच होतो. जुलाब, उलट्या, खोल गेलेले डोळे. तिघांचा पत्ता एकच, गावाच्या टोकाची गल्ली.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सातारा जिल्ह्यातल्या एका लहान नगरपालिकेत मी सॅनिटरी इन्स्पेक्टर होतो. महिन्याभरापूर्वी पेठेतल्या व्यापाऱ्यांनी कचऱ्याच्या वासाची तक्रार केली, म्हणून मी तो ढीग उचलून याच गल्लीच्या तोंडाशी टाकायला लावला होता. पेठ स्वच्छ झाली, चीफ ऑफिसर खूश.

सायकलवरून गल्ली गाठली. नळाचं पाणी टेस्ट ट्यूबमध्ये घेऊन औषधाचे थेंब टाकले. पाणी पिवळं झालं की समजायचं, क्लोरीन शिल्लक आहे. ते होतं तसंच राहिलं. शेजारच्या नळाचंही तेच.

हिराबाई दारात उभ्या होत्या. त्यांची सून दवाखान्यात होती.

"आवं सायेब, ह्यो उकिरडा तुमीच हितं आणला न्हवं? पोरं त्यातनंच जात्यात, माश्या ताटात बसत्यात. कुनाला सांगायचं आमी?"



दोन सफाई कामगार बोलावून ढीग उपसायला लावला. खाली गल्लीच्या पाण्याच्या लाइनवरच्या व्हॉल्व्हचा खड्डा निघाला, काळ्या पाण्यानं भरलेला. पाणी दिवसातून एकदाच सुटायचं. ते बंद झालं की रिकामा पाइप बाहेरचं आत ओढतो. जॉइंट सैल असला तर घाणसुद्धा.

तसाच चीफ ऑफिसर साहेबांकडे गेलो.

"उद्या जत्रा आहे," ते म्हणाले. "पाणी बंद केलं तर लोक ऑफिसवर येतील."

"चालू ठेवलं तर दवाखान्यात जातील, साहेब."

"चूक कुणाची?"

"ढीग तिथं मी टाकायला लावला."

"लेखी द्याल?"

तिथंच बसून लिहून दिलं.

गल्लीची लाइन बंद केली, टँकर लावला, पाणी उकळून प्यायची दवंडी दिली. जॉइंट बदलून पाइपात ब्लीचिंग पावडर सोडली. पुढचे चार दिवस दवाखान्यापुढं बैलगाडी थांबली की मी आधी पत्ता विचारायचो. एकूण अकरा जण आले. दहा घरी गेले, त्यात हिराबाईंची सून होती. एक म्हातारे गवंडी गेले.

मला मेमो मिळाला. तो योग्यच होता. त्यानंतर कचरा हलवायच्या कागदावर सही करण्याआधी मी नोकरीभर एकच विचारत आलो : नेऊन टाकणार कुठं, आणि तिथं राहतं कोण?