बंद पडलेलं वाण

मे महिन्यात देवासला गारवा असतो तो पहाटेचा घटकाभर. मग टेकरीच्या बाजूनं ऊन उतरतं आणि सातच्या आत अंगणातली फरशी तळपायाला चटके देते. त्या दिवशी नळ आले पावणेसहाला. एक दिवसाआड येतात, पाच ते आठच्या मध्ये केव्हाही, आणि पाऊण तासात जातात. विनोदिनी सबनीसनं ओढणी कमरेला खोचली, नळी टाकीत सोडली, पिण्याचे हंडे भरले, बादल्या भरल्या, कढई भरली. शेवटी कुकर भरताना तिच्या लक्षात आलं, की मागच्या भिंतीपलीकडे चिडीचूप आहे.

पलीकडे रुक्मिणीकाकू राहतात. वय बहात्तर, गुडघे गेलेले, घरात दुसरं माणूस नाही. नळ आले की त्यांच्या अंगणात बादलीची कडी वाजायची. आज वाजली नव्हती.

का वाजली नाही, हे विनोदिनीला ठाऊक होतं. नळ आले की सांगणारी काकूंची डबी काल संध्याकाळी तिनंच बंद केली होती. हाक मारायला ती भिंतीशी धावली, तोवर नळ फुसफुसले, दोनदा खोकले, आणि गेले.

विनोदिनी सॉफ्टवेअरवाली. आधी पुण्यात दहा वर्षं, आता घरातूनच इंदूरच्या एका कंपनीचं काम. रोज साडेनऊला एक मीटिंग असते, तिला म्हणतात उभ्यानं करायची मीटिंग. सगळे बसून असतात आणि दीड तास चालते. पाच मिनिटं हात थांबला की नावापुढचा हिरवा ठिपका विझतो. म्हणून ती भाजी निवडायची ती एका हातानं, दुसरा माऊसवर. कॉलनीला तिचं काम कधीच कळलं नाही. "भाभी, टीव्ही दिसत नाही, जरा बघा ना," म्हणून लोक बोलवायचे आणि तिला ते येत नाही म्हटल्यावर, "मग कंपनीत करता काय?" असं तोंडावर विचारायचे.

तिच्या स्वतःच्या घरात बोलणारी, ऐकणारी, फोनला जोडलेली एकही वस्तू नव्हती. नवरा चिडवायचा, "हलवायाच्या घरी गोड नाही." ती म्हणायची, "हलवायानं कढईत काय पडलेलं बघितलंय ते त्याला विचार." तिचा हिशेब सोपा होता. ज्या कुकरची शिट्टी बिघडली तर चौकात नवी मिळते तो कुकर आपला. बाकी सगळं पाहुणं, कधी उठून जाईल नेम नाही.

एकदाच ती हा हिशेब विसरली. तीन वर्षांपूर्वी, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला.

कंपनीनं तेव्हा एक डबी काढली होती. नळाच्या नळीला एक चिमटा लावायचा, डबी ओट्यावर ठेवायची. पाणी आलं की डबी बोलते. चाचणीच्या एकवीस डब्या उरल्या होत्या, त्या विनोदिनीनं मागून आणल्या आणि वाण म्हणून वाटल्या. दरवर्षी कोण चाळण्या लुटतं, कोण डबे. हिनं नळ लुटला म्हणून बायका हसल्या. हिंदीतला आवाज काढून तिनं स्वतःचा घातला होता: "बाई गं, नळ आले!"

त्याच दिवशी ती मागच्या घरी जाऊन रुक्मिणीकाकूंना घेऊन आली. काका जाऊन सोळा वर्षं झाली होती, सोळा वर्षांत त्यांना कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं. विनोदिनीनं सगळ्यांसमोर त्यांना कुंकू लावलं आणि हातात डबी दिली. शेजारची सुमंगला पुटपुटली, "विनू, रीत असते गं काहीतरी." काकूंनी ते ऐकलं होतं. तरी डबी त्यांनी पदरात धरून नेली. तोवर पाचपासून त्या मोरीपाशी पाट टाकून नळाची वाट बघत बसत. त्या दिवसानंतर पाट माळ्यावर गेला.

मागच्या आठवड्यात वरून हुकूम आला, जुन्या डब्या बंद करा. नळ काकूंचा, डबी काकूंच्या ओट्यावर, आणि मधला निरोप मात्र जायचा कंपनीच्या सर्व्हरवरून. तो काढून घेतला की डबी मुकी. विनोदिनीनं मॅनेजर राजवीरला फोन केला.

"दीदी, इक्कीस डिब्बों के लिए सर्वर कौन चलाएगा?"

"सर्वर लगता ही नहीं. प्रोग्राम की चार लाइनें बदल दी हैं मैंने. डिब्बा अपने आप बोलेगा."

"फिर नई वाली कौन खरीदेगा?" मग त्यालाच लाज वाटली असावी. "मुझे भी ऊपर से आया है, दीदी. आप नहीं करोगी तो शार्दूल कर देगा. पाँच मिनट का काम है."

काल तिनं ते पाच मिनिटांचं काम केलं. व्हॉट्सॲपवर बायकांना कळवलं, वीस अंगठे आले. काकूंकडे तसला फोन नाही. त्यांना स्वतः जाऊन सांगायचं ठरवलं होतं. पण संध्याकाळची एक मीटिंग लांबली, आणि काकू साडेआठला निजतात.

आता ती मागच्या दारानं गेली तेव्हा काकू ओट्यावर बसल्या होत्या. डबी खणात गुंडाळून समोर ठेवलेली.

"ये. मीच येणार होते तुझ्याकडे. वाण परत करू नये म्हणतात, पण हे तू घेऊन जा."

"काकू, ती बिघडली नाही. मी बंद केली."

"चल, काहीतरीच."

"खरंच. कंपनीनं सांगितलं, मी बटण दाबलं. एकवीसच्या एकवीस बंद झाल्यात."

काकू हसल्या. पोर खोटं बोलताना पकडली की हसतात तसं. "मग सुमंगलाची कशी बोलते? सकाळी ऐकली ना मी तिची मोटर. मनात आलं, नळ आले की काय. मग म्हटलं, छे, माझी डबी बोलली नाही अजून, ती हौदातलं चढवत असेल." त्यांनी डबीवरून हात फिरवला. "कानावर विश्वास नाही ठेवला बघ."

"तिनं नवी घेतलीय काकू, काल रात्रीच, बाजारातून. मी तुम्हालाही आणते."

"नको गं बाई." आता त्या हसत नव्हत्या. "रीत उगाच नसते. माझ्या कपाळावर कुंकू लावलंस ते तुझ्या मनाचं मोठेपण. पण माझ्या हातात आलेलं टिकायचं कसं? काका नाही टिकले."

"अहो काकू, मी! मी बंद केली. माझ्या हातानं."

"तू कशाला करशील? तुझाच तर आवाज आहे तिच्यात."

विनोदिनीनं सर्व्हर समजावून सांगितला असता, पण काकूंना तो ऐकायचा नव्हता. त्यांचं कारण त्यांना एकोणीस वर्षांपासून पाठ होतं. मध्ये तीन वर्षं ते जरा विसरल्या होत्या, एवढंच.

"असं कर, माळ्यावरचा पाट तेवढा काढून दे. माझा हात पोचत नाही."

विनोदिनी स्टुलावर चढली. पाटावर बोटभर धूळ होती. धुवायला पाणी नव्हतं, म्हणून तिनं तो ओढणीनं पुसला आणि मोरीपाशी, नळाच्या समोर ठेवला. काकूंनी तो पायानं सरकवला, पूर्वीच्या जागी.

"परवा केव्हा येतील गं नळ?"

"पाच ते आठच्या मध्ये."

खिशात फोन थरथरला. राजवीर: "इक्कीसों बंद हैं ना, दीदी? रिपोर्ट डालनी है." तिनं "हो" लिहिलं, पुसलं, "हाँ जी" लिहिलं आणि पाठवलं.

मग ती घरी गेली, भरलेल्या दोन बादल्या उचलल्या आणि ऊन तापायच्या आत, हिंदकळू न देता, मागच्या दाराकडे निघाली. काकूंचा हंडा भरायला अशा तीन खेपा लागतात.