माणूस उचलायचा आहे

एखादी जड वस्तू दिसली, की बाई आधी तिच्याभोवती एक फेरी मारायच्या. मग ओढणी कमरेला गुंडाळायची, तळहात एकमेकांवर घासायचे आणि समोरच्याला विचारायचं, "उचलून बघू?" समोरचा "अहो बाई, राहू द्या" म्हणेपर्यंत ती वस्तू जमिनीवरून सुटलेली असायची. मग गॅसचा सिलिंडर असो, स्टाफरूममधला बाक असो, नाहीतर लग्नघरातलं भाताचं पातेलं.

आमच्या पेणला गणपतीच्या कारखान्यांच्या गल्लीत एकदा टेम्पोतून प्लास्टरची पोती उतरत होती. उतरवणारा एकटाच होता आणि मागे गाड्या खोळंबल्या होत्या. बाईंनी स्कूटर बाजूला लावली, फेरी मारली आणि एक पोतं उचलून कारखान्याच्या ओट्यावर नेऊन ठेवलं. मालक बघतच राहिला. "बाई, सीझनला येता का आमच्याकडे?" त्यानं विचारलं. "शाळेला सुट्टी लागू दे, मग बघू," बाई म्हणाल्या आणि अंगावरची पांढरी भुकटी झटकत निघाल्या.

हे सगळं ऐकून तुमच्या डोळ्यांसमोर एखादी पैलवान बाई उभी राहिली असेल. तुम्हीही तुमच्या गावात अशी एखादी पाहिली असेल. पण मी या बाईंना त्याच्या कितीतरी आधीपासून ओळखते. आम्ही दोघी रोह्याच्या एका शाळेत शिकवायचो. त्या भूगोल, मी विज्ञान. दोघी पेणला राहायचो आणि रोज एकाच एसटीनं जायचो.

तेव्हा त्या इतक्या जाड होत्या, की एसटीची पायरी हा त्यांच्या दिवसातला सगळ्यात कठीण प्रसंग असायचा. आधी डबा आणि पर्स माझ्याकडे. मग दोन्ही हातांनी दांडा धरायचा, एक पाय वर, आणि मग थोडा वेळ काहीच नाही. मागे रांग खोळंबलेली. कंडक्टर म्हणायचा, "चला मावशी, गाडी आजच सोडायचीय." बाई तिथूनच उत्तर द्यायच्या, "अरे, मी चढले तरच गाडी रस्त्याला टेकून चालेल. नायतर उडेल ती." सगळी एसटी हसायची. लोकांनी हसायच्या आत आपणच हसवायचं, हे त्यांनी केव्हातरी ठरवून टाकलं होतं. हसणं ओसरलं, की त्या खिडकीकडे तोंड करून बसायच्या आणि गडब मागे पडेपर्यंत त्यांचा श्वास काही जागेवर यायचा नाही.

गडब हे त्यांचं माहेर. हायवेपासून आत, भातशेतीच्या कडेला घर. वडील गेल्यावर आई तिथं एकटीच राहायची. भाऊ वसईला. तो घेऊन जायला तयार होता, पण आईचं म्हणणं, "माझी शेती तुझ्या गॅलरीत मावल का?" म्हणून बाई आठवड्यातून दोन-तीनदा परतीच्या वाटेवर गडबला उतरायच्या.

एका सकाळी त्या नेहमीचा विनोद न करताच एसटीत चढल्या. कंडक्टरनंही जरा वेळ वाट पाहिली. नागोठणं जवळ आल्यावर त्या म्हणाल्या, "काल आई पडली गो."

"लागलं का?"

"नाय. न्हाणीत घसरली आणि बसली तशीच. मी होतेच घरात."

"मग?"

"मग काय. मी वाकले, तर मला वाकता येईना. गुडघ्यावर बसले, तर मलाच उठता येईना. दोघी बसून राहिलो ओल्या फरशीवर. शेजारची सून शेतावरून आली, तिनं आधी आईला उठवली, मग मला."

शेवटचं वाक्य त्यांच्या नेहमीच्या विनोदांसारखंच होतं. मी हसण्याच्या तयारीत त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"पिसासारखी हाय ती," त्या म्हणाल्या. "माझ्यानं उठली नाय."

त्याच आठवड्यात त्या पेणमधल्या एका जिममध्ये गेल्या. टाइल्सच्या दुकानावरचा हॉल. चालवणारे सर पूर्वीचे कबड्डीपटू. एक गुडघा कायमचा आखडलेला, आवाज मात्र अजून मैदानावरचाच. त्यांनी बाईंना बघून सवयीनं सुरुवात केली, "वजन कमी करायचंय ना? होईल, होईल. सहा महिन्यांत—"

"मला बारीक व्हायचं नाय," बाई म्हणाल्या. "मला माणूस उचलायचा हाय."

सर थांबले. "केवढा?"

"आई हाय माझी."

हा सगळा संवाद मला पुढे सरांनीच सांगितला. त्यांनी एक बुटकं स्टूल आणून ठेवलं आणि म्हणाले, "यावर बसा. आता हात न लावता उठा." बाईंनी प्रयत्न केला. पुन्हा केला. चेहरा लाल झाला, पण अंग काही स्टुलावरून सुटलं नाही. आरशासमोरची दोन पोरं दुसरीकडे बघायला लागली. "ठीक आहे," सर म्हणाले, "उद्या याच्यापेक्षा उंच स्टूल आणतो. तिथून सुरू करू." बाईंना आवडलं ते हे. त्यांनी खाली मान घालायला लावली नाही, स्टूल उंच केलं.

मग ते स्टूल महिन्यामहिन्यानं खाली येत गेलं. जेवणावरून मात्र सरांशी त्यांचं वाजलं. "भात बंद करा" म्हटल्यावर बाईंनी त्यांना विचारलं, "सर, तुम्ही कुठले?" सर म्हणाले, "इथलाच." "मग असं कसं बोलता?" शेवटी तडजोड झाली. भात ताटात मधोमध असायचा तो कडेला गेला आणि मधली जागा वालाचं बिरडं, अंडी आणि मासळीनं घेतली. पेणचे पापड तळायचे बंद झाले, भाजायचे चालू राहिले. मधल्या सुट्टीत डबा उघडला की बाई आम्हाला अभिमानानं दाखवायच्या, जसा काही तो प्रगतिपुस्तकातला शेरा आहे.

घरी सासूबाई होत्या. सुनेची ट्रॅक पँट त्या सुरुवातीला आतल्या खोलीत, दारामागच्या दोरीवर वाळत घालायच्या. एक दिवस ती पँट अंगणातल्या तारेवर, सगळ्या गल्लीला दिसेल अशी, चिमटे लावून वाळत घातलेली बाईंना दिसली. बाईंनी विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, "आत ऊन नाय येत. कुबट वास येतो." एवढंच. एसटीत मला हे सांगताना बाईंचे डोळे भरले होते.

अंग उतरायला लागलं तशी लोकांना काळजी वाटू लागली. आपल्याकडे बाई बारीक झाली की पहिला प्रश्न, "शुगर निघाली का?" स्टाफरूममध्ये एकीनं हळूच मुंबईच्या डॉक्टरांचं नाव सुचवलं. बाई प्रत्येकाला एकच उत्तर द्यायच्या, "नाय हो. आजारी होते, आता बरी झाले."

सगळंच काही छान नव्हतं. चेहऱ्यावरचा भरलेपणा गेला आणि वय एकदम पुढे आलं. पोटाची, दंडाची कातडी सैल लोंबायला लागली. मध्ये कितीतरी दिवस वजनाचा काटा जागचा हलेना. "रिकामी पिशवी झालेय बघ," त्या एकदा दंडाखालची कातडी चिमटीत धरून म्हणाल्या. मी काहीतरी धीराचं बोलणार, तेवढ्यात त्यांनी मूठ वळली. आत लिंबाएवढी गोळी टरारून वर आली. "रिकामी नाय हां पण," त्या म्हणाल्या आणि स्वतःवरच खूश होऊन हसल्या. हे हसणं एसटीतल्या हसण्यापेक्षा वेगळं होतं.

मला त्यांनी जिममध्ये ओढलं ते माझ्या पाठीमुळे. फळ्यापुढे उभं राहून राहून माझी कंबर गेली होती. वाकायचं नाही, उचलायचं नाही, असं मी स्वतःला सांगून ठेवलं होतं आणि त्यामुळे चाळिशीतच घरातली पाण्याची बादलीसुद्धा नवऱ्याला हाक मारून उचलून घ्यायचे. बाईंनी मला नुसत्या रॉडसमोर उभं केलं.

"मला नाही जमणार."

"रॉडकडे नको बघू. पाय दाबून जमीन खाली ढकल. रॉड येतो आपोआप."

मी जमीन ढकलली. रॉड आला. त्यात काहीच वजन नव्हतं असं आता वाटतं, पण त्या दिवशी घरी जाताना मी रस्त्यानं जरा रुंद चालत होते. पुढे ब्लाउज शिवायला टाकले तेव्हा शिंपी मापाच्या पट्टीकडे बघत गोंधळला. "कंबर आत घेतलीय आणि दंड बाहेर काढलेत. बरोबर आहे ना, बाई?" म्हटलं, "अगदी बरोबर आहे." कंबरेचं दुखणं केव्हा गेलं ते मला आठवत नाही. ते नाही हे एक दिवस अचानक लक्षात आलं.

आता गडबचं सांगते. थंडीचे दिवस होते. बाईंनी आम्हा दोघीतिघींना पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा, खायला माहेरी बोलावलं होतं. आईचे पाय तोवर पार गेले होते. खाटेवरून खिडकी, एवढंच तिचं जग. भात कापून शेतात वाल लावले होते आणि शेंगा भरल्या होत्या. तोडून आणलेल्या शेंगा तिनं हातात घेऊन बघितल्या. "औंदा चांगला झाला म्हणायचा," ती म्हणाली. मग जरा थांबून, "बघितला असता एकदा."

चाकांची खुर्ची शेताच्या बांधावरून जाणार नव्हती. बाईंनी खाटेभोवती फेरी मारली नाही, कुणाला विचारलं नाही. खाटेकडे पाठ करून त्या खाली बसल्या.

"ये."

"वेडी काय गो तू? पडशील."

"नाय पडत."

"माझ्याबरोबर तू पण पडशील."

"आई, हात टाक गळ्यात."

आईनं आमच्याकडे पाहिलं. पाहुण्यांसमोर लेकीच्या पाठीवर बसायची लाज वाटत होती तिला. मग तिनं हात पुढे केले. बाईंनी तिचे पाय धरले, एक खोल श्वास घेतला, टाचा रोवल्या आणि उठल्या. सरळ उठल्या, कुठं डळमळल्या नाहीत.

अरुंद बांधावरून त्या पुढे आणि त्यांच्या चपला हातात घेऊन मी मागे. आईनं सुरुवातीला डोळे मिटून घेतले होते. शेताच्या टोकाशी पोचल्यावर ते उघडले. आम्हाला वाटलं, आता ही रडणार. तिनं वालाच्या वाफ्यांवरून नजर फिरवली, मग पलीकडे, आणि लेकीच्या पाठीवरून जोरात ओरडली, "बांध सरकवला त्यानी! बघ, बघ, आंब्याच्या अल्याड घेतला! मी आडवी पडले म्हणून काय मेले का?"

शेजारी आपल्या शेतात पाणी लावत होता. तो दचकला. वर्षभर न दिसलेली म्हातारी हवेत चार फूट उंचीवरून त्याच्यावर हात नाचवत होती. बाई हसत होत्या, हसण्यानं पाठीवरची आई हलत होती, आणि आई म्हणत होती, "हसतेस काय? जरा पुढं चल, मला नीट दिसू दे."

त्या पुढे गेल्या. सगळा बांध त्यांनी आईला दाखवला आणि मगच परत फिरल्या.

त्यानंतर दर रविवारी हे चालायचं. आईला उचलून न्हाणीत नेणं, अंगणात उन्हाला बसवणं, कधी शेताला फेरी. बांधही मूळ जागी गेला, असं कळलं. पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी आई झोपेतच गेली. बाई रडल्या, पुष्कळ रडल्या. तेराव्यानंतरच्या सोमवारी मात्र जिममध्ये आल्या. सरांनी काही विचारलं नाही, रॉड लावून दिला. "आता कुणासाठी?" असं मीच विचारलं. अशा वेळी विचारू नये, पण तोंडून निघून गेलं.

"आता सवय लागली गो उभं राहायची," त्या म्हणाल्या.

मग बाईंच्या यजमानांची कंपनी त्यांना गुजरातच्या प्लांटवर पाठवायला निघाली. बाईंनी शाळेतून मुदतीआधी निवृत्ती घेतली. रोह्याला निरोप समारंभ झाला. साडी, नारळ, भाषणं, सगळं रीतीप्रमाणे. खरा निरोप दुसऱ्या दिवशी पेणला, जिममध्ये होता.

त्यांनी सरांना सांगितलं, "आज एक प्लेट जास्त लावा." दोन्ही बाजूंना प्लेटी चढल्या. एवढं वजन त्यांनी कधी उचललं नव्हतं. आम्ही बायका गोल करून उभ्या राहिलो. तोवर आमच्या बॅचला आठ-दहा जणी येत होत्या. बाईंनी रॉड धरला, पाठ सरळ केली, पाय दाबले. रॉड वाकल्यासारखा झाला. जमिनीवरून मात्र सुटला नाही. पुन्हा एकदा. मानेच्या शिरा वर आल्या. नाही.

त्यांनी हात सोडले आणि सरळ उभ्या राहून कपाळ पुसलं. मला वाटलं, अशा दिवशी हे व्हायला नको होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर तसलं काहीच नव्हतं. लांबून येणाऱ्या पाहुण्याकडे बघावं तशा त्या रॉडकडे बघत होत्या.

"नाय आला आज," त्या म्हणाल्या. "तिकडं उचलीन." मग पाणी प्यायल्या, सरांच्या पाया पडल्या – सर संकोचून मागे सरकले – आम्हा प्रत्येकीच्या पाठीत एकेक धपाटा घातला आणि जिना उतरून गेल्या. खाली सामानाचा टेम्पो लागला होता.

सर प्लेटी काढायला वाकले. मी म्हटलं, "राहू द्या ना थोडा वेळ." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

संध्याकाळी पोरांची बॅच आली तेव्हाही तो रॉड हॉलच्या मधोमध तसाच होता. एकानं विचारलं, "सर, हा कुणी लावून ठेवलाय?"

"बाईंचा आहे," सर म्हणाले. "बाजूनं जा."