भिंती उभ्या होत्या, कपाट पडलं

कोयनेच्या भूकंपानंतर कोल्हापुरात जो तो आपापल्या भिंती तपासत होता. मी तेव्हा मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायचे. इमारत काळ्या दगडाची. इंजिनिअर येऊन सगळीकडे फिरले आणि "बिनधास्त वर्ग भरवा" म्हणून गेले. पण कपाटांकडे कुणी पाहिलंच नाही.

शिक्षकांच्या खोलीत एक उंच सागवानी कपाट होतं. वाकायचा कंटाळा, म्हणून जड पुस्तकं वरच्या कप्प्यांत आणि खालचे कप्पे जवळजवळ रिकामे. अगदी वर खेळांत मिळालेल्या ढाली.

एका दुपारी मधल्या सुट्टीत आम्ही डबे उघडले होते. गणिताच्या बाई कपाटाकडे पाठ करून बसल्या होत्या. त्या शिरोळकडच्या, बोलणं मोकळं. तेवढ्यात कपबशा किणकिणल्या. अधूनमधून धक्के बसतच होते, त्यामुळे कुणी उठलं नाही.

"आला बघा पावणा!" त्या हसत म्हणाल्या.

त्यांच्या डोक्यामागे कपाट पुढं झुकताना मला दिसलं. मी ओरडायला तोंड उघडलं. माझा चेहरा बघून त्या अर्धवट उठल्या, म्हणून डोकं वाचलं. ढाली खणाखणा फरशीवर आदळल्या आणि मग अख्खं कपाट त्यांच्या पायावर आलं.

आम्ही चौघींनी ते उचललं. त्या रडत नव्हत्या. मला म्हणाल्या, "माझा पाय हाय न्हवं जागेवर? मला कळंना झालंय."

पाय होता, पण गुडघ्याखाली भलतीकडेच वळला होता. मी "आहे, आहे" एवढंच म्हणत राहिले. मागच्या भिंतीला केसभरही चीर नव्हती. 

त्यांना दवाखान्यात पोचवून घरी गेले. स्वयंपाकघरात माझी मुलगी झोपली होती आणि बरोबर तिच्या डोक्यावरच्या फळीवर पितळेची पातेली, घागरी, वरवंटा. मी चपलांसकट आत शिरले, तिला उचललं आणि एका हातानं भांडी खाली काढू लागले.

सासूबाई धावत आल्या. "अगं, काय झालंय तुला?"

मी वरवंटा खाली ठेवून पुढच्या पातेल्याला हात घातला.  त्यांनी मुलीला घेतलं आणि दुसऱ्या हातानं घागर खाली ठेवली.

पुढे शाळेतली सगळी कपाटं लोखंडी पट्ट्यांनी भिंतीला जखडली. पुस्तकं खालच्या कप्प्यांत आली, ढाली पेटीत गेल्या. गणिताच्या बाई काही महिन्यांनी काठी टेकत परतल्या. फाटकातून आत येता येताच थांबल्या. वर्गांकडे जाणाऱ्या दारावरच्या सज्ज्याच्या कठड्यावर मातीच्या कुंड्या ओळीनं मांडलेल्या होत्या.

"आणि ह्या कुणाच्या डोक्यात घालायच्या हायत?" त्यांनी भर अंगणातून मोठ्या बाईंना विचारलं.

कुंड्या उतरेपर्यंत त्यांनी एकाही मुलीला त्या दारातून आत जाऊ दिलं नाही.